डाव्या चाकातली थरथर

मित्रांनो, मी एक जुनी ब्रेक डिस्क आहे आणि मला एका जागी स्वस्थ बसवत नाही. सगळा जन्म फिरण्यात गेला, त्याला मी तरी काय करू? तुम्ही मोटारीत बसता, खिडकीजवळची जागा कुणाची यावरून भांडता, रस्त्यावरची झाडं मोजता. पण चाकाच्या आत ताटाएवढी एक लोखंडी चकती तुमच्यासाठी गरगर फिरत असते, हे तुमच्या गावीही नसतं. ती चकती म्हणजे मी. गाडी चालवणाऱ्याने ब्रेकवर पाय दिला की दोन पॅड दोन्हीकडून माझे गाल दाबतात, मी दातओठ खात थांबते आणि माझ्याबरोबर अख्खी गाडी थांबते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. माझ्या बोलण्यात तिखटमीठ जरा जास्त पडतं, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. मी अशी गोल. खोटं लपवायला माझ्याजवळ एक कोपरासुद्धा नाही.

माझा जन्म कोल्हापूरकडच्या एका भट्टीत झाला. तिथे इतकी उष्णता होती की दुपारी सूर्यसुद्धा शेडच्या सावलीला येऊन उभा राहायचा. मला वाळूच्या साच्यात ओतलं, गार होऊ दिलं, मग लेथवर चढवून दोन्ही अंगांनी आरशासारखं घासलं. तिथला म्हातारा कामगार आम्हा सगळ्यांना गार होताना बजावायचा, "सावकाश गं पोरींनो, सावकाश. घाईनं गार झालेलं लोखंड जन्मभर वाकडं राहतं." तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं. पुढे त्याची फार आठवण झाली.

खोक्यात बसून मी बीड जिल्ह्यात नेकनूरला आले, सत्तार मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये. सत्तार मिस्त्री म्हणजे पंचावन्न-छप्पन वर्षांचा, पांढऱ्या दाढीचा, तेलकट हातांचा माणूस. इंजिनाला कान लावून ते कालच्या खड्ड्याचं नाव सांगायचे म्हणतात. माझं खोकं उघडलं तेव्हा समोरच्या मोडीच्या ढिगात माझ्यासारख्याच दोघी पडलेल्या दिसल्या.

"आलीस?" त्यातली थोरली म्हणाली. "त्रिंबकच्या गाडीला का?"

"असेल. का?"

"डावं पुढचं चाक का?"

मी खोक्यावरची चिठ्ठी वाचली. तसंच होतं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मित्रांनो, नव्या नवरीला सासरच्या दारात कुणी असं विचारलं तर ती जशी माप ओलांडायचं सोडून मागे वळेल, तशी मी खोक्यात परत शिरायला बघत होते. पण मला पाय कुठले, मधोमध नुसतं भोक आहे.

गोष्ट अशी होती. त्रिंबकची एक पांढरी गाडी होती. घाट जिथे संपतो तिथे, बीडच्या बाजूला, रस्त्यालगत त्याचं घर. घरात तो आणि त्याची आई सरस्वतीबाई, दोघंच. सकाळी तो घाट चढून नेकनूर-चौसाळ्याकडे जायचा, दवाखान्याची, कचेरीची, बाजाराची माणसं बीडला न्यायचा, दुपारनंतर त्यांना परत वर सोडायचा आणि संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन घाट उतरून घरी यायचा. या गाडीची डावी डिस्क दीड-दोन महिन्यांत वाकडी व्हायची. वाकडी म्हणजे किती? केसाच्या जाडीइतकी. पण चाकात केसभर वाकडेपणा आला की ब्रेक दाबताच पॅड उडतात, पेडल पायाला गुद्दे मारतं, स्टेअरिंग हिवताप आल्यासारखं थडथडतं. थोरलीला सत्तार मिस्त्रींनी दोनदा लेथवर घासून सरळ केलं. दोन्ही वेळा ती पुन्हा वाकडी. मग नवी आणली, तीही गेली. आता मी तिसरी.

मला बसवायच्या दिवशी सत्तार मिस्त्री आणि त्रिंबक यांची चांगलीच जुंपली.

"घाट उतरताना तू ब्रेकवर पाय ठेवून झोपतोस बे," मिस्त्री म्हणाले. "गिअर काय लोणच्याला ठेवलाय?"

"चाचा, मागच्या टायमालाच तुमी सांगितलं तवापासून दुसऱ्या गिअरमधी उतरतो. वाटंतली म्हातारी मानसं मला ओलांडून जातेत. तरी बी डिस्क गेलीच न्हाई का?"

"आन् उजवी? उजवी कावून जाईना?"

"ते तुमी सांगायचं. मिस्त्री मी हाय का तुमी?"

सत्तार मिस्त्रींना ते झोंबलं. त्यांनी चाक जिथे बसतं तो हब तारेच्या ब्रशने घासून त्यावरचा गंजाचा कण न् कण काढला. पॅड धरणाऱ्या जबड्याच्या पिना काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवल्या. मला चढवलं, माझ्या गालाला घड्याळासारखं एक काट्याचं यंत्र टेकवलं आणि मला हळूच फिरवलं. काटा हलला नाही. मग चाकाचे नट पान्यावर उभं राहून नाचत नव्हे, तर हाताने, समोरासमोरचे जोडीने आवळले. काम झाल्यावर पाना खाली ठेवून म्हणाले, "ऐक त्रिंबक. आता ही वाकडी झाली ना, तर हा सत्तार गॅरेजची पाटी उतरवून घरी शेळ्या राखील."

"आन् मी बी सांगतो," त्रिंबक म्हणाला. "ही गेली तर गाडी इकून टाकतो न् कड्याला कारखान्यावर डायवर म्हणून जातो. बोलणं झालंय माझं. असल्या थरथरत्या गाडीत दुसऱ्याची मानसं बसवायची, माझंच काळीज थरथरतंय आता."

"आन् आईचं?"

त्रिंबक चावी बोटात फिरवत राहिला. कडा म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. घाटाखालच्या त्या घरात सरस्वतीबाई एकट्या राहणार, एवढं न बोलताही सगळ्यांना कळलं. मलाही.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा घाट उतरले. वळणामागून वळण, पॅड गाल सोडतात-धरतात, सोडतात-धरतात. खाली पोहोचेपर्यंत मी अशी तापले होते की कुणी माझ्यावर पापड ठेवला असता तर तो स्वतःहून उलटला असता. गाडी घरासमोर थांबली. उजवीकडे बाभळीचं कुंपण, डावीकडे घराचा ओटा. म्हणून गाडीची डावी बाजू नेहमी ओट्याला. ओट्यावरून सरस्वतीबाई उतरल्या. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. त्यांनी तुकडा गाडीवरून ओवाळला, बाजूला टाकला आणि माझ्या चाकाजवळ वाकून म्हणाल्या, "दमून आलीस गं माझी माय? घे, पाय धू."

आणि गार पाण्याचा तो तांब्या माझ्या अंगावर.

छस्स!

वाफ एवढी उठली की हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी धुकं पडलं समजून दिवे लावले. माझं एक अंग आगीत, दुसरं पाण्यात. भट्टीतला म्हातारा आठवला, थोरली आठवली, धाकटी आठवली आणि सगळा उलगडा झाला. मागच्या चाकांना झाकलेले ड्रमचे ब्रेक, त्यांना काही होत नव्हतं. उजवीकडे बाभळीचे काटे, तिकडे म्हातारीला जाता येत नव्हतं. राहिले मी.

मित्रांनो, मला राग यायला हवा होता. आला नाही. बाहेरून आलेल्याच्या पायावर पाणी घालायचं, हे त्या घरातलं चालत आलेलं वळण. सरस्वतीबाईंनी नवऱ्याच्या पायांवर, पाहुण्यांच्या पायांवर, शेतातून आलेल्या बैलांच्या खुरांवर पाणी घातलं होतं. आता बैल नव्हते, नवरा सुंदररावही नव्हते. लेकाला घरी घेऊन येणारी एक गाडी होती. तिला पाय नाहीत हे त्यांच्या दृष्टीने गाडीचं दुर्दैव.

मी सांगणार कसं? मला तोंड नाही. मला फक्त थरथरता येतं. महिन्याभरात मी थरथरायला लागले. त्रिंबक घरी येऊन कपाळाला हात लावून ओट्यावर बसला. ते बघून सरस्वतीबाईंनी ठरवलं की गाडीला कुणाची तरी दिष्ट लागली. दुसऱ्या दिवशी तांब्याऐवजी कळशी आली. मी आणखी थरथरले. मग बादली आली. मी ओरडून सांगावं तेवढं पाणी वाढत होतं आणि पाणी वाढेल तेवढी मी ओरडत होते. रात्रंदिवस जिवाला चैन नाही. सकाळ झाली की वाटायचं घाट नको, घाट चढला की वाटायचं संध्याकाळ नको.

त्यात छबुबाई. ही नेकनूरची बाई रोज दुधाची किटली घेऊन त्रिंबकच्या गाडीने बीडला जायची. एके दिवशी घाटात त्रिंबकने सात-आठ वेळा ब्रेक मारला आणि बीडला उतरून छबुबाईने झाकण काढलं, तर आत ताक आणि वर लिंबाएवढा लोण्याचा गोळा. खोटं वाटत असेल तर नेकनूरला जाऊन विचारा. छबुबाई लोण्याचा गोळा नारळाएवढा होता म्हणून सांगेल, मी निदान लिंबावर थांबले.

"आरं तिंबक," ती भर चौकात म्हणाली, "ही गाडी हाय का ताकाची रवी? घिराइकाच्या दारात काय ताक मोजू? उद्यापून मी एस्टीनं जाईन बाबा. माझे दात बी हलाय लागले."

"मावशी, तुमचे दात कवळीचे हायेत."

"म्हणून तर भ्या वाटतंय! तोंडातून पडले तर पुन्यांदा उगवायचे हायेत का?"

सगळे हसले. त्रिंबक हसला नाही. त्या संध्याकाळी त्याने घरी पत्र्याच्या पेटीत कपडे भरले. सरस्वतीबाई चुलीपुढे बसून बघत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "कड्याला पानी कसं हाय रं प्यायला?" तो म्हणाला, "असल की." मग त्या उठून बाहेर आल्या आणि माझ्यावर दुसऱ्यांदा बादली ओतली. त्या दिवशी पाण्यात मीठ थोडं जास्त होतं. ते बोअरचं होतं की त्यांच्या डोळ्यांतलं, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्रिंबक गाडी घेऊन नेकनूरला गेला आणि सत्तार मिस्त्रींसमोर चावी टाकली. "उतरवा पाटी."

मिस्त्रींनी चाक काढलं. काट्याचं यंत्र टेकवून मला फिरवलं. काटा उड्या मारू लागला. ते चाकाशेजारी खाली बसले. हब स्वच्छ, पिना मोकळ्या, नट बरोबर आवळलेले. पलीकडची उजवी डिस्क तर माझ्याहून जुनी, गाडीबरोबरच आलेली, अजून आरशासारखी. माणसाने सगळी विद्या खर्च करावी आणि शेवटी हातात केसभर वाकडेपणा यावा, तशी त्यांची तऱ्हा झाली.

बसल्या बसल्या त्यांची नजर चाकाच्या आतल्या बाजूला गेली. तिथे पांढरे ओघळ होते, चुना शिंपडल्यासारखे. त्यांनी नखाने खरवडले, जिभेला लावले.

"खारट," ते म्हणाले. मग उजवं चाक काढून पाहिलं. तिथे नुसती धूळ. पुन्हा डाव्याकडे आले आणि चाकाच्या फटीत बोट घालून काहीतरी बाहेर ओढलं. भाजून कडक झालेला एक काळपट तुकडा.

"हे काय बे?"

त्रिंबक खाली वाकला. "भाकर दिसती."

"गाडीला जेवू घालतोस?"

"आई ओवाळून टाकती ना. उडून गेला आसल आत."

"आन् अजून काय करते तुझी आई?"

"काय न्हाई. पानी घालती पायावर."

"कुणाच्या?"

"गाडीच्या."

सत्तार मिस्त्रींनी हातातला तुकडा खाली ठेवला. मग ते हळूच म्हणाले, "कधी घालते?"

"घरी पोचलं की लगेच. दम बी खाऊ देत न्हाई."

"या अल्ला! आन् हे तू मला इतके महिने सांगितलं न्हाई?"

"तुमी इचारलं का? तुमी तेल इचारलं, गिअर इचारला, माझी झोप इचारली. आईचं कुटं इचारलं?"

मिस्त्रींनी स्वतःच्या कपाळावर तेलकट हात मारून घेतला. तो डाग त्यांच्या कपाळावर आठवडाभर होता. पण पुढचं काम सोपं नव्हतं. मला शेजारच्या लेथवर नेऊन हलक्या हाताने घासलं. मी सरळ झाले, पण बारीक झाले. लेथवाल्याने बजावलं, "एवढ्यावर बास. आणखी एकदा घासली तर कागद हुईल हिचा." आणि त्याहून अवघड दुसरंच होतं. ज्या बाईने मायेने पाणी घातलं तिला, 'तुझ्या पाण्यानंच तुझा लेक घर सोडून निघालाय', हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

"तू काही बोलू नको," मिस्त्री त्रिंबकला म्हणाले. "मी येतो घरी."

त्या संध्याकाळी घाट उतरताना मी जेवढी घाबरले तेवढी आयुष्यात घाबरले नाही. प्रत्येक वळणाला मी तापत होते आणि खाली ओट्यावर काय वाट बघतंय ते मला ठाऊक होतं. गाडी थांबली. लेक उद्या कड्याला निघणार म्हणून सरस्वतीबाईंनी त्या दिवशी एक नव्हे, दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या. त्यांनी पहिली उचलली. पाणी काठावर आलं. एक थेंब माझ्या टायरवर पडलाही.

"वैनी!" सत्तार मिस्त्री दार उघडून जवळजवळ पडलेच बाहेर. "आधी मला पानी द्या! घसा पार कोरडा पडलाय!"

दारात पाहुणा तहानलेला असताना गाडीचे पाय कोण धुणार? बादली खाली ठेवली गेली. सरस्वतीबाई पदर सावरत आत गेल्या आणि घागरीतून तांब्या भरून घेऊन आल्या. मिस्त्री तो तांब्या सावकाश प्यायले. दुसरा मागितला. मग तिसरा. मित्रांनो, त्या संध्याकाळी तो माणूस माझ्यासाठी आठ तांबे पाणी प्यायला. त्याच्या पोटात लाटांचा आवाज येत होता. त्रिंबक तोंड फिरवून उभा होता. आणि मी हळूहळू, माझ्या माझ्या गतीने, निवत होते.

"लई तहान हो सत्तारभाऊ," सरस्वतीबाई म्हणाल्या.

"वैनी, एक इचारू? सुंदररावाचा तो हरण्या बैल हुता ना?"

त्यांचा चेहरा उजळला. "हुता की. लाल, ह्या ओट्याएवढा. माझ्या हाताशिवाय वैरण खायचा न्हाई."

"औत सुटलं, तो धापा टाकीत घरी आला, की लगेच पानी दाखवायच्या का तुमी त्याला?"

"येडे का काय तुमी? अंग तापलेलं, धाप लागलेली, अन् पानी? बैल धरतो की मग, पाय आखडतेत त्याचे. आधी सावलीला बांधायचा, धाप निवू द्यायची, अंगावरनं हात फिरवायचा. मग पानी."

"मग हिलाच कावून सुटल्या सुटल्या पानी घालता, वैनी?"

सरस्वतीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग बादलीकडे. त्यांनी बादलीत बोटं बुडवली आणि तव्यावर शिपका मारावा तसे दोन थेंब चाकाच्या फटीतून माझ्यावर टाकले. इतक्या वेळाने, आठ तांब्यांनंतरही, मी बारीकसं चुर्र केलं. तेवढं मला बोलता आलं. तेवढं पुरलं.

त्या ओट्यावर बसल्या. "म्हंजी... माझ्याच पान्यानं?"

"पान्यानं न्हाई," मिस्त्री म्हणाले. "घाईनं. पानी चांगलंच हाय, मी आठ तांबे प्यालोय."

"आन् मी बादल्यांवर बादल्या..." त्यांनी बादली दूर सारली. "ह्यो जाऊ नये म्हणून."

त्रिंबक आत गेला. पेटी उघडल्याचा आवाज आला, मग खुंटीवर एकेक सदरा टांगल्याचा. सरस्वतीबाई कान देऊन मोजत होत्या. पाचवा सदरा टांगला गेला तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि मिस्त्रींना म्हणाल्या, "चहा ठिवते. आता ह्याला नगं म्हणू नका." मिस्त्रींनी पोटावर हात ठेवून अत्यंत करुण चेहऱ्याने मान हलवली.

तेव्हापासून त्या घरात नवी रीत सुरू झाली. गाडी आली की आधी त्रिंबकला पाणी, मग चहा, मग दिवसभराच्या गप्पा. नंतर सरस्वतीबाई यायच्या, माझ्यावर दोन थेंब टाकून ऐकायच्या. मी गप्प राहिले की तांब्या. गाडी थरथरायची थांबली. छबुबाईचं दूध दूधच राहू लागलं. आता लोणी निघत नाही म्हणून तिची तक्रार सुरू झाली. सत्तार मिस्त्रींची पाटी जागेवर राहिली, आणि डिस्क वाकडी होते म्हणून कुणीही गाडी घेऊन आलं की ते नट, हब, पिना पाहायच्या आधी विचारायचे, "घरी कोण कोण असतं?"

मी त्या चाकात पुढे तीन वर्षं फिरले. वाकडी होऊन नाही, झिजून निघाले. आमच्या जातीत यापरता मान नाही. मिस्त्री मला मोडीत टाकणार होते, पण सरस्वतीबाईंनी मागून घेतलं. मधोमध भोक, खाली बसका घेर, घागर ठेवायला याहून चांगली बैठक कुठे मिळणार? आता मी त्या घराच्या ओट्यावर आहे आणि माझ्या डोक्यावर पाण्याची घागर आहे. तेच पाणी, गारेगार. दिवसभर थेंब थेंब माझ्यावर ओघळतं आणि आता ते गोड लागतं. पण संध्याकाळी घाटाकडून गाडीचा आवाज आला की मला अजूनही राहवत नाही. मी किंचित हलते, घागर किणकिणते, आणि आतून सरस्वतीबाई म्हणतात, "आला गं माझा तिंबक."

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी तापून, दमून, धापा टाकत येईल. माणूस असेल, बैल असेल, एखादी गाडी असेल. तुमच्या हातातलं पाणी कितीही गोड असलं तरी जरा थांबा. आधी जवळ जा, हात लावून बघा, अंग निवलंय का ते ऐका. मग खुशाल ओता. आणि कुणी विनाकारण थरथरत असेल तर त्याला वाकडं म्हणण्याआधी एकदा त्याच्या घरी जाऊन या.

चला, घागर किणकिणली. गाडी घाट उतरतेय.